बरोबरीचे खांब

उंबरखार, ता. पेण
१७ जुलै २०२२

ती. रंभाताई,

नमस्कार. फोनवर तू म्हणालीस, "प्रोग्रॅम असा तोंडी सांगू नको, कागदावर उतरवून पाठव, आणि अक्षर मोठं काढ." तसा पाठवतो आहे. जिते स्टेशनहून गाडीने रोह्याला शिफ्टला जाणारा आपला कान्हू हे पाकीट तुझ्या हातात देईल.

काय घडलं ते नीट सांगतो. खाडीच्या बांधावर मी पाणी मोजणारे खांब रोवले, हे तुला माहीत आहे. पाण्याने खांबाला हात लावला की तो पातळी कळवतो. देवळातला बोर्ड, म्हणजे पेटीतला छोटा संगणक, सगळ्या खांबांचा क्रम लावतो, जास्त पाणी असेल तो पहिला, आणि त्या क्रमाने ज्याच्या-त्याच्या वाट्याच्या माणसाला फोन करतो. फोनवर गिरजाबाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, "बांधाव या रं, पानी चढलंय." हे सगळं मी करायला घेतलं ते पाळीने बांधावर बसणं बंद व्हावं म्हणून. भरतीला साप बिळं सोडून बांधावर येतात. दोन पावसाळ्यांपूर्वी जनूला तिथेच चावला. तो वाचला, तेव्हापासून दारूही सोडली त्याने, पण सगळेच वाचतील असं नाही.

गुरुवारी पौर्णिमेनंतरचं मोठं उधाण होतं. भर दुपारी पाणी चढलं आणि बोर्डाने फोन लावले, पण आपल्या लोकांना नाही. साताऱ्याकडच्या कुणा गृहस्थांचा मला उलट फोन आला. "अहो, कुठला बांध? ही बाई कोण? सहा वेळा बोलावलं हिने." इकडे वळणावर बांध फुटून खांड गेली. बायकापोरांनी डोळ्यांनी पाहिली म्हणून बुजवता आली, तरी गिरजाबाईच्या शेताच्या कोपऱ्यात खारं पाणी बसलंच. तिथे आता तीन वर्षं भात नाही.

काल जोळ बसली होती. (तुझ्या धाकट्या जावेला तू हे पत्र वाचून दाखवशील, तिच्यासाठी सांगतो. ज्यांची शेतं एका बांधाआड, त्यांनी मिळून तो राखायचा, त्याला आम्ही जोळ म्हणतो.) जनू म्हणाला, "मास्तर, तुजा यंत्र साताऱ्याला बोलवतंय, आमाला कवा बोलवनार?" गिरजाबाई म्हणाली, "माजा आवाज सातारा फिरून आला. मी नाय गेली कदी." हसून झाल्यावर जोळीतल्या सर्वांत वडील दाजींनी निकाल दिला. "नारली पुनवंपरत बगू. नाय जमला त खांब उपटू, मांडवाला व्हतील. आन् पोरांना बांधाव बसाया पाली लावू." पोरांमध्ये गिरजाबाईचा नातूही आहे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रोग्रॅम लिहिता येतो आणि प्रोग्रॅम येतो यांत फरक आहे, हे मला पाण्याने शिकवावं लागलं. तू कंपनीत इतकी वर्षं यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहिलेस. हा एकदा बघशील का?

तुझा,
काळुराम


रोहा
२१ जुलै

चि. काळू,

आशीर्वाद. प्रोग्रॅम वाचला. रागावू नको, दोन गोष्टी सांगते.

पहिली. वैशाखात तू वळणावर दोन खांब वाढवलेस. प्रोग्रॅममधल्या यादीचे खण मात्र जुन्याच खांबांपुरते ठेवलेस. एरवी ते नवे खांब कोरडे, म्हणून गप्प. मोठ्या उधाणाला ते बोलले, आणि त्यांना खण नव्हता. हे यंत्र अडाणी असतं बाबा. खण संपले म्हणून थांबत नाही, शेजारच्या जागेत लिहितं. शेजारी होते फोन नंबर. पाण्याची पातळी जनूच्या नंबरावर जाऊन बसली, आणि जनू साताऱ्याचा झाला. ज्या दिवशी बांधाची गरज, नेमका त्याच दिवशी फुटणारा बांध तू बांधला होतास.

दुसरी. क्रम लावताना तू दर तुलनेला खांबाला नव्याने विचारतोस, "पाणी किती?" दोघांना विचारायचं, मग त्यातल्या एकाला तिसऱ्याबरोबर पुन्हा विचारायचं. तोवर पाणी चढतं. तुझा क्रम अर्धा मघाच्या पाण्यावर, अर्धा आत्ताच्या. वर चहा उकळेल एवढा वेळ लागतो.

नवा लिहून पाठवते. सगळ्यांना एकदाच विचारायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची. मग एक मधला धरायचा, त्याच्याहून कमी एका अंगाला, जास्त दुसऱ्या अंगाला, आणि त्या दोन ढिगांचं पुन्हा तसंच. वेगळी जागा लागत नाही. कुठल्याही खणात पाय टाकण्याआधी यंत्र बघेल की तो आपला आहे का. खण चार जास्त ठेवलेत. तेही भरले तर नवीन नोंद घेणार नाही, देवळातला भोंगा वाजवेल. शेजाऱ्याकडे जाणार नाही.

जाऊबाई विचारतात, साताऱ्याच्या माणसाने चहाला बोलावलं का.

रंभाताई


उंबरखार
३० जुलै

ती. ताई,

तुझा प्रोग्रॅम टाइप करून बोर्डावर चढवायला मला एक संध्याकाळ लागली, आणि तो समजून घ्यायला तीन. त्या तीन संध्याकाळींबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. प्रत्येक ओळ जाड पेनाने, मोठ्या अक्षरात, एका चौकटीत एकच खूण. कुठे घाई नाही. "हा खण आपला का?" हा प्रश्न तू इतक्या ठिकाणी विचारला आहेस की आधी मला तो पुनरुक्तीसारखा वाटला. मग एकेक काढून बघितला, आणि दर वेळी कुठलीतरी वाट उघडी पडली. एकही जास्तीचा नव्हता. कागदावर वाचायची ही शिस्त आमच्या कॉलेजात कोणाकडे नाही. मी वर्गात तुझी चार पानं दाखवली आणि म्हटलं, काळजी अशी दिसते.

परवा अमावास्येच्या उधाणाला चाचणी घेतली. सगळे खांब बोलले. मी आणखी दोन खोटे खांब जोडले, मग आणखी तीन. भोंगा वाजला, नंबर जागच्या जागी. क्रम चुटकी वाजवेपर्यंत लागतो. गिरजाबाईने बोर्डाच्या पेटीला कुंकू लावलं.

लोक पूर्वीपेक्षा लवकर बांधावर आले. बांधावर थोडी दाटी झाली, जनू त्याचं घमेलं घेऊन उघाडीपर्यंत पोचूच शकला नाही. (समुद्राकडे पाणी सोडायचं ते दार, अगदी टोकाचं, तुला आठवत असेलच.) पण त्या दिवशी गटारी होती, कोणाचे पाय सरळ नव्हते. बहुतेक त्यामुळेच. क्रम तपासला, एकदम बरोबर होता.

पौर्णिमेची आता धास्ती वाटत नाही.

तुझा,
काळुराम


रोहा
२ ऑगस्ट

चि. काळू,

स्तुती पुरे. वर्गात दाखवायला ती काय पत्रिका आहे?

जनूने साप चावल्यापासून दारू सोडली असं तूच लिहिलं होतंस. मग गटारीचा आणि त्याच्या न पोचण्याचा संबंध काय? "बहुतेक" हा शब्द तू लहानपणी गणित चुकलं की वापरायचास.

काय बघितलंस ते लिही. माझा मान राखू नको, बांध राख.

रंभाताई


उंबरखार
५ ऑगस्ट

ती. ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोजनिशीतला "गटारी" हा शब्द खोडूनच बसलो होतो. तुला लिहायचं राहिलं होतं, किंवा खरं म्हणजे मी ते ढकलत होतो. इतक्या नेटक्या कामात चूक आहे असं म्हणायला जीभ रेटेना. आणि चूक आहे का, याचीही खात्री नव्हती. अजूनही नाही.

बघितलं ते हे. बांधाचा माथा एका माणसापुरता. पहिला फोन गेला देवळाजवळच्या खांबाच्या माणसाला. तो आला, चिखल कापायला बसला. मग मधले आले, तेही बसले. उघाडीचा फोन जवळजवळ शेवटी. जनू डोक्यावर घमेलं घेऊन सगळ्यांच्या मागे. "ओ पाव्हनं, वाट द्या की." वाट कुठून देणार, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेतात गुडघाभर चिखल. गिरजाबाई मधेच बसली होती. ती म्हणाली, "मना वलांडून जा. पन घमेला माज्या डोक्याव पाडलास त बग." जनू म्हणाला, "तुला वलांडाया शिडी लागल गो." सगळे हसले. खरं उधाण असतं तर हसेपर्यंत उघाडी गेली असती.

मग मी क्रम पुन्हा पाहिला. तो बरोबरच होता. जास्त पाणी आधी, कमी नंतर. पण ताई, पाणी आपली पातळी सगळीकडे सारखी राखतं. वारा पडलेला असला की निम्म्याहून जास्त खांबांचं उत्तर एकच येतं. बरोबरीच्या खांबांत आधी कोण, हे तुझ्या प्रोग्रॅममध्ये कोणीच ठरवत नाही. ढीग करताना ते कसेही उलटेपालटे होतात.

माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हे का होत नव्हतं? तो शेजारच्या दोघांनाच बघायचा, आणि पुढचा खरंच मोठा असेल तरच अदलाबदल करायचा. सारखे असतील तर राहू द्यायचा. म्हणजे मी टाइप केलेला क्रम टिकायचा. आणि मी टाइप केलं होतं उघाडी, बामणखोच, वळण, चिंच, देऊळ. असं का? काही विचार करून नाही. आपल्याकडे बांधाची नावं लांबून घराकडेच सांगतात. दाजींना विचारलं, जनूला विचारलं, एका पाचवीतल्या मुलीला विचारलं. सगळ्यांनी उघाडीपासून सुरुवात केली. दाजी म्हणाले, "मंग? लांब जायचा त्यानं आदी जावा. जवलचा बसला की वाट मेली."

हा नियम कोणी मला सांगितला नव्हता, आणि मी यंत्राला सांगितला नव्हता. तो नकळत पाळला जात होता. तेव्हा तुझी चूक म्हणावी तर मी मागितला तोच क्रम तू लावलास. माझी म्हणावी तर मला मागायचं काय हेच ठाऊक नव्हतं.

पौर्णिमेला आठवडा आहे. जुना क्रम लावायची रीत आणि तुझे खण एकत्र करता येतील का? मी करून बघितलं असतं, पण तुझ्या कामात हात घालायचा धीर होत नाही.

तुझा,
काळुराम


रोहा
८ ऑगस्ट

चि. काळू,

चूक माझीच आहे, आणि ती कशी झाली ते कळल्यावर मी एकटीच हसले.

मी प्रोग्रॅम यंत्रावर चालवून बघितलाच नव्हता. उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही, कडेकडेचंच दिसतं. डावाही त्याच वाटेने निघालाय. स्क्रीनवरची ओळ वाचायला गेले की मधोमध पुसली जाते. कंपनी सोडताना सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. तुलाही तेच सांगितलं. त्यामुळे कागदावर वाचायची शिस्त वगैरे काही नाही. जाड पेन आणि मोठी चौकट याशिवाय मला वाचताच येत नाही. तू वर्गात कौतुक केलंस ते माझ्या डोळ्याचं.

मग तपासायचं कसं? ओसरीवर खडूने खण आखले. जेवढं पाणी तेवढे वालाचे दाणे एकेका खणात ठेवले, आणि मीच यंत्र आहे असं समजून प्रोग्रॅमची एकेक ओळ करत गेले. हे हलव, ते उचल, खण आपला का बघ. बोटांना दाणे मोजता येतात. चारपाच उधाणं मी अशी ओसरीवर चालवली. क्रम दर वेळी बरोबर.

आणि तिथेच फसले. सात दाण्यांचा खण आणि दुसरा सात दाण्यांचा खण, दोन्ही सारखेच. ते एकमेकांच्या जागी गेले तर मला कळणार कसं? वाल वालासारखाच. मी पाणी मांडलं होतं, माणसं मांडलीच नव्हती.

तुझं पत्र जाऊबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. मग दर खणात वालाबरोबर एकेक निराळी वस्तू ठेवली. उघाडीला कवडी, बामणखोचीला चिंचोका, वळणाला सुपारी, चिंचेला बटण, देवळाला एक रुपया. माझा आधीचा प्रोग्रॅम चालवला. दुसऱ्याच फेरीत रुपया कवडीच्या पुढे जाऊन बसला. जाऊबाई म्हणाल्या, "देव पुढे, बरोबरच आहे की."

नवीन सोबत आहे. कंपनीत माझ्याकडे हजारांनी नोंदी असायच्या, त्या सवयीने मी मोठी रीत काढली. मूठभर खांबांना ती नकोच. पत्ते हातात लावतो तसं करायचं. एकेक उचलायचा, मागे मागे न्यायचा, मागचा खरंच कमी असेल तरच पुढे सरकवायचा. बरोबरीचा दिसला की थांबायचं. निम्म्याहून जास्त खांब बरोबरीचेच असतात, म्हणून फार सरकवावंही लागत नाही. वेग तेवढाच, उलट थोडा जास्त. मात्र दर वेळी सुरुवात तू टाइप केलेल्या यादीपासून करायची, मघाच्या निकालापासून नाही. नाहीतर पाणी खाली-वर होऊन सारखं झालं की बरोबरीचे पुन्हा चुकतील. हे मी कवडीवर बघितलं.

खण तेच. "खण आपला का?" विचारणारे पहारेही तेच.

बरोबरीच्यांचा प्रश्न तू शोधलास. यंत्राला क्रम बरोबर दिसत असताना बांधावर उभं राहून "हे बरोबर नाही" म्हणणारा माणूस कंपनीत मला शेवटपर्यंत मिळाला नाही.

डोळ्यांचं कोणाला सांगू नको.

रंभाताई


रोहा
१२ ऑगस्ट, दुपार

काळू,

तुझा फोन लागत नाही. दहा वेळा लावला. कान्हू संध्याकाळच्या गाडीने परतेल, त्याच्याकडे ही चिठ्ठी देते.

दुपारी भात लावत होते. फोन वाजला. गिरजाबाईचा आवाज. "बांधाव या रं, पानी चढलंय."

मी गॅस बंद केला, चपला घातल्या, दार उघडलं. पायरीवर आल्यावर कळलं की मी रोह्यात आहे.

काळू, माझा नंबर तिथे कसा पोचला? साताऱ्याच्या माणसाला लागला तसाच लागला का? मेमरी पुन्हा सांडली? खण मी बोटाने मोजले होते. पहारे प्रत्येक ओळीवर ठेवले होते. तीनदा चालवला ओसरीवर. मघापासून मी त्या कवडीकडे बघते आहे, आणि आता ती कुठल्या खणात आहे हेच दिसत नाही.

मला आला तो फोन कोणाला गेला नाही? उघाडी आहे का?

एवढंच लिही.

रंभाताई


उंबरखार
१३ ऑगस्ट, सकाळ

ती. ताई,

उघाडी आहे. बांध आहे. एक घमेलंभर मातीसुद्धा खाडीत गेली नाही. माझा फोन चिखलात पडला होता, तो तांदळाच्या डब्यात ठेवलाय. कान्हूने रात्री चिठ्ठी दिली. तुला अशा काळजीत टाकायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं, आणि निदान आधी कळवायला तरी हवंच होतं. दाजी म्हणाले होते, "सांगू नको, वाजंल तवा कलंल." मी ऐकायला नको होतं.

काही सांडलेलं नाही. तुझा नंबर तिथे आम्हीच घातला.

आधी काल काय झालं ते ऐक. पाणी भर दुपारी आलं, गेल्या महिन्याएवढंच. वारा नव्हता, त्यामुळे जवळजवळ सगळे खांब बरोबरीला. मी देवळाच्या पायरीवर उभा राहून नुसता बघत होतो. पहिला जनू निघाला, उघाडीचा. त्याच्या मागे बामणखोचीचे दोघे, मग वळणाची गिरजाबाई आणि तिची सून, मग चिंचेचे. देवळाजवळचा केरू दारात उभा राहून सगळ्यांना पुढे जाऊ देत होता, त्याचा फोन अजून वाजायचाच होता. एका रेषेत, एकामागे एक, कोणी कोणाला वाट मागितली नाही. जो तो आपल्या जागी पोचला आणि वाकला. वळणावर ओल दिसली तिथे गिरजाबाईने दोन घमेली चिखल थापला, बस.

यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटलं नाही. कोणी यंत्राबद्दल बोललंसुद्धा नाही. भरती ओसरल्यावर खाडीला नारळ वाहिला आणि लोक घरी जेवायला गेले. मी पुष्कळ वेळ तिथेच होतो. तुझ्या कामाचं याहून मोठं कौतुक मला करता येणार नाही, म्हणून करत नाही.

आता नंबराचं. तुझ्या डोळ्यांबद्दल मी कोणाला बोललो नाही. फक्त ओसरीवरचे वाल आणि कवडी सांगितली. जोळ दोन दिवस आधी बसली होती. जनू म्हणाला, "येवडा बांध राखती, त तिचा वाटा कुटं?" कोणीतरी म्हणालं, सासरी गेलेल्या लेकीचा वाटा नसतो. गिरजाबाई म्हणाली, "नस्तो त घाला. माजा आवाज साताऱ्याला जातो, तिला का नाय?" दाजींनी मान हलवली. तू जास्तीचे चार खण ठेवले होतेस, त्यातला एक घेतला. आपल्या आजोबांचा जुना वाटा उघाडीपलीकडच्या कोपऱ्याचा होता, तो तुझ्या नावावर लिहिला. तिथे खांब नाही, म्हणून उघाडीचंच पाणी तुझं पाणी. चढवण्याआधी मी तुझ्या पद्धतीने अंगणात आखून बघितलं. तुझ्या खणात लवंग ठेवली होती. कुठलाच पहारा मोडला नाही.

नाव यादीत कुठे घालायचं, यावर थोडा वाद झाला. जनूचं म्हणणं, शेवटी घाला. "ती येवस्तवर भरती वसरंल."

दाजी म्हणाले, "लांबच्याला पयली हाक. रोह्याच्या पलीकडचा हाय का कोन आपल्यात?"

तुझा,
काळुराम